गाळलेलं अर्धं वाक्य

गेल्या दोन वर्षांत माझ्या ओट्यावर जितकी माणसं येऊन बसली, तितकी मी फौजेतून सुट्टीवर यायचो तेव्हाही येत नव्हती. मला भेटायला कोणी येत नाही, उर्दू वाचून घ्यायला येतात. निजामाच्या वेळचे कागद, जमिनीच्या पाहणीची पानं, जुन्या शाळेच्या रजिस्टराच्या झेरॉक्स. पणजोबाच्या नावापुढं 'कुणबी' लिहिलंय का, एवढंच बघायचं असतं. वडवणी तालुक्यात ती लिपी वाचणारे आता थोडेच राहिले. त्यातला एक मी, निवृत्त नायब सुभेदार सोनवणे, फौजेतला कारकून. माझे वडील बीडच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळणारे शिपाई होते. तिथल्या एका जुन्या पेशकारानं, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणाऱ्या कारकुनानं, त्यांना उर्दू शिकवली, त्यांनी मला. आमच्या बौद्ध वस्तीत तेव्हा लोक हसायचे, की बाप लेकाला उलट्या बाजूनं वाचायला शिकवतोय.

गेल्या उन्हाळ्यात एका पुढाऱ्याचा मुलगा आला. चाळिशीचा, बाहेर गाडी उभी. कागद पाहिला. जातीच्या रकान्यात शाई उतरलेली, अक्षर लागत नव्हतं. मी तसं सांगितलं.

तो म्हणाला, "काका, पुसट हाय म्हनूनच तर तुमच्याकडं आनलंय. तुमी कुनबी म्हनून लिहून द्या खाली. मूळ कागद कोन वाचतंय?"

मी उठलो, कागद त्याच्या अंगावर टाकला आणि एवढा ओरडलो की समोरच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. तो निघून गेल्यावर बायको म्हणाली, "कावून एवढं वरडलात? न्हाई म्हनायचं, संपलं."

तिला तेव्हा उत्तर दिलं नाही. या अंकाच्या संपादकांनी फौजेतल्या गमतीजमती लिहून मागितल्या आहेत. दोन-चार गमती आहेत, त्या देतो. पण 'मूळ कागद कोण वाचतंय' हे वाक्य मी त्या दिवशी दुसऱ्यांदा ऐकलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ओरडलो नव्हतो. ते सांगायचं आहे.

लढाई कोणती, पलटण कोणती, छावणी कुठली, हे लिहिणार नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. डोंगरातली लढाई होती आणि वरून पकडून आणलेले कैदी खाली सपाटीवरच्या एका बंद पडलेल्या शाळेत ठेवले जायचे. तिथं उर्दू लिहिता-वाचता येणारा कारकून हवा होता. माझ्या कागदपत्रात ते नोंदलेलं होतं, मला पाठवलं.

काम तसं सोपं. पकडलेला शत्रूचा सैनिक आला की त्यानं नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख सांगायची. त्यापुढं काही सांगायला तो बांधील नाही. त्याला मारायचं नाही, त्याची टवाळी करायची नाही, जखमी असेल तर आपल्या जवानासारखे उपचार करायचे. हे जिनिव्हात ठरलंय आणि आपल्या देशाचीही त्यावर सही आहे. आमच्या ऑफिसात हे सगळे नियम भिंतीला चिकटवलेले होते. त्यांच्याच खाली चहाची किटली असायची. वाफेनं कागदाला फुगे आले होते, पण वाचता येत होता.

कैद्याचा जबाब घ्यायचा असेल तर तो मी त्याच्याच शब्दांत उर्दूत उतरवून घ्यायचो. वाचून दाखवायचो. त्याला पटलं की त्याची सही. मग त्याचं इंग्रजी भाषांतर टाइप करायचं, खाली 'भाषांतर बरोबर आहे' असं लिहून माझी सही. वर जायचं ते इंग्रजी. उर्दूचा कागद फाइलीत मागं लावलेला असायचा. बोलणाऱ्यानं शिवी दिली असेल तर शिवीच उतरवायची. आपल्या पदरची एक वेलांटीही घालायची नाही. या कामात मी पक्का होतो आणि मला त्याचा अभिमान होता.

कैदी माझ्या बोलण्याला हसायचे. माझी उर्दू कागदावर चांगली होती, पण तोंडात आपली बीडची. पहिल्याच दिवशी एक म्हातारा सुभेदार रडत होता, त्याला मी म्हणालो, "कैकू रोते जी? चिठ्ठी जाती ना तुमारी." तो रडायचा थांबला आणि पोट धरून हसायला लागला. नंतर सगळे मला 'कैकू साब' म्हणायचे.

एकानं घरी पत्रात लिहिलं, 'भुरी व्याली का? तिला उताराच्या अंगाला बांधू नका.' पत्रं तपासणाऱ्या साहेबांना वाटलं ही सांकेतिक भाषा आहे. भुरी म्हणजे तोफ आणि उतार म्हणजे अमुक डोंगर. तीन अधिकारी अर्धा दिवस नकाशा घेऊन बसले. शेवटी मी म्हणालो, "साहेब, म्हैस आहे." कोणी ऐकेना. त्या कैद्याला बोलावलं, तर तो म्हशीच्या शिंगांपासून दुधापर्यंत तासभर सांगत बसला. पत्र गेलं.

अशी छावणी होती. मारहाण तिथं कधी झाली नाही, हे मी शपथेवर सांगतो. झाली ती वर, छावणीत आणायच्या आधी.

रहमत ट्रकमधून उतरला तेव्हा त्याचे दोन्ही हात मफलरमध्ये गुंडाळलेले होते. पंचविशीचा असेल. नाव, नंबर लिहून घेतला. फौजेत काय काम करतोस, हे विचारायची गरज नव्हती, पण त्यानं स्वतःच सांगितलं, "जी, नाई हूँ."

न्हावी. पलटणीच्या हजामती करणारा माणूस. चौकीवर दाढ्या करायला गेला होता, तिथं सापडला.

मी सहीसाठी कागद पुढं केला. त्यानं मफलर सोडला. उजव्या हाताची चार बोटं काळी पडून वाकडी झालेली. अंगठा तेवढा शाबूत. डाव्याची दोन. त्याला नीट उभंही राहता येत नव्हतं. तळपाय सुजून जाड झाले होते.

छावणीत एक कॅप्टन डॉक्टर होत्या, केरळच्या. बुटक्या, फार कमी बोलायच्या. त्यांनी त्याला तपासलं आणि तिथंच उभ्या उभ्या रिपोर्ट लिहिला, की या जखमा लढाईतल्या नाहीत, पडून झालेल्या नाहीत, एकेक बोट वेगवेगळं मोडलेलं आहे. वरून त्यांना फोन आला. काय बोलणं झालं माहीत नाही, पण बाईंचं एकच वाक्य दारातून ऐकू येत होतं, "नो सर, आय विल नॉट चेंज इट." तीनदा म्हणाल्या. त्यांच्यामुळंच चौकशी लागली. नाहीतर प्लॅस्टर घालून विषय मिटला असता.

चौकशीला तीन अधिकारी. मुख्य एक कर्नल. ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी रहमतला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, कप धरता येईना म्हणून मला पाजायला सांगितला. माणूस चांगला होता म्हणूनच आजही मला त्यांचा जास्त राग येतो.

रहमतनं सगळं सांगितलं. पकडल्यावर एका मेजरसमोर नेलं. तोफा कुठं, दारूगोळा कुठं, हे विचारलं. "मला काय ठाऊक, मी दाढ्या करतो," असं तो म्हणत राहिला. मेजर खुर्चीवर बसलेला. बाजूला एक जवान. मग मेजर त्या जवानाला म्हणाला, आणि हे रहमतनं अगदी सावकाश, शब्द मोजून सांगितलं, "इसकी ज़बान खुलवाओ, हाथ बचें ना बचें."

याला बोलता करा, मग हात राहोत की न राहोत.

मी ते वाक्य उतरवलं. पूर्ण उतरवलं. सगळा जबाब वाचून दाखवला. रहमतनं मान हलवली आणि अंगठा लावला. सही येत होती त्याला, पण सही करायला बोटं कुठं होती? जाताना म्हणाला, "कैकू साब, ठीक लिखा ना?" मी म्हणालो, "बराबर लिखा." तोवर ते खरं होतं.

त्या मेजरच्या बाजूला उभा असलेला जवान म्हणजे भागवत. केज तालुक्यातल्या नांदूरघाटचा. मला ते तो बोलायला लागल्यावर कळलं. कर्नलसमोर हिंदी बोलता बोलता अडखळला की सरळ आपल्या बोलीत यायचा, "मी केलं साहेब. न्हाई म्हनत न्हाई. पर मला सांगितलं हुतं." मारहाणीच्या वेळी त्या खोलीत आणखी दोन जण होते. दोघांनी सांगितलं, आम्ही बाहेर होतो. मेजरनं सांगितलं, मी फक्त चौकशी करायला सांगितलं, बाकी जवानानं रागाच्या भरात केलं. त्या जवानाचा मित्र लढाईत मारला गेला होता.

म्हणजे मेजरनं हुकूम दिला, हे सांगणारे दोघंच होते. एक आरोपी, त्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. दुसरा रहमत.

दुसऱ्या दिवशी मी भाषांतर टाइप करत होतो. कर्नल माझ्या टेबलाशी आले. कागद पाहिला आणि म्हणाले, "सोनवणे, जे पक्कं आहे तेवढंच इंग्रजीत जाऊ दे. मेजरनं चौकशीचा हुकूम दिला, हे पक्कं. पुढचं त्या माणसाचं दुखण्यातलं बोलणं आहे."

मी म्हणालो, "साहेब, मूळ कागदावर तर पूर्ण..."

"मूळ कागद असू दे फाइलीत. मूळ कागद कोण वाचतंय?"

मग ते म्हणाले, "तुझ्याच जिल्ह्यातला जवान परवा गेला ना? त्याच्या सामानाची पेटी तूच घरी पाठवलीस. त्याच्या आईला जाऊन सांगशील का, की तुझा मुलगा गेला त्याच आठवड्यात मी एका शत्रूसाठी आपल्या मेजरला कोर्टात उभं केलं?"

आज मला उत्तर येतं. त्या माउलीचा मुलगा न्हाव्याची बोटं मोडायला गेला नव्हता, असं सांगितलं असतं. तेव्हा आलं नाही. त्या पेटीवरचं नाव मीच रंगवलं होतं, माझं डोकं त्याच रागानं भरलं होतं. आणि खरं सगळंच सांगायचं तर माझं बढतीचं प्रकरण त्याच कर्नलच्या शिफारशीला गेलं होतं. यातलं कशामुळं किती, ते मला वेगळं काढता येत नाही. मी टाइप केलं, 'मेजरनी त्याची चौकशी करण्याचा हुकूम दिला.' पूर्णविराम. खाली लिहिलं, भाषांतर बरोबर आहे. सही केली. सही जरासुद्धा हलली नाही.

डॉक्टर बाईंना इंग्रजी प्रत दिसली असावी. व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "हवालदार, उसने इतना ही बोला था?"

"जी मॅडम."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्या निघून गेल्या. त्यांनाही उर्दू वाचता येत नव्हती.

पुढं काय झालं ते तीन ओळींत संपतं. कैद्यांची अदलाबदल झाली, रहमत गेला, आता त्याला पुन्हा विचारायची सोय राहिली नाही. मेजरला 'नापसंती'चं पत्र मिळालं. हे पत्र म्हणजे वरिष्ठांना तुमचं वागणं आवडलं नाही असा कागद, दुसरं काही नाही. त्याला नंतर दोन बढत्या मिळाल्या. आता निवृत्त आहे आणि शिस्तीवर भाषणं देतो, मी मोबाइलवर पाहिलंय. भागवतला एक वर्ष कैद आणि बडतर्फी. मी नायब सुभेदार झालो.

इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पुढाऱ्याच्या मुलाला हाकलल्यावर चार दिवस घरात धुसफुसत होतो. पाचव्या दिवशी तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "त्यो नांदूरघाटचा जित्ता हाय का?"

"माहीत नाही."

"मग पुढाऱ्याच्या पोरावर कशाला वरडता? जाऊन बघा की."

एसटीनं केजला गेलो, तिथून जीपनं नांदूरघाट. भागवतची पिठाची गिरणी आहे. मी दारात उभा राहिलो, तो पिठानं पांढरा झालेला. त्यानं मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, छावणी सांगितली. त्यानं पट्टा थांबवला, गिऱ्हाइकाला म्हणाला, "मावशी, घंट्याभरानं या."

पोत्यावर बसून मी सगळं सांगितलं. कुठं वाक्य होतं, किती गाळलं, कुणी सांगितलं, मी का ऐकलं. तो उठला आणि त्यानं माझी गचांडी धरली. साठीकडं झुकलेला मी, तोही पन्नाशी ओलांडलेला. तसाच धरून उभा राहिला. मी सोडवून घेतलं नाही.

"पंधरा ऑगस्टला साळंत माजी सैनिकांचा सत्कार असतो," तो म्हणाला. "मी गिरनी बंद करून शेतात जातो. माझ्या लेकीनं एकदा इचारलं, आबा तुमी बी मिलिटरीत हुता ना? मी म्हनलो, न्हाई, मी स्वयंपाकी हुतो." त्यानं हात सोडला. "तुमाला ठावं हुतं. सगळं ठावं हुतं."

"हो."

"तुमी ती वळ लिवली असती तर मी सुटलो असतो का?"

त्यानंच उत्तर दिलं. "न्हाई. सुटायला बी नको हुतं. बोटं म्याच मोडली. त्यो पोरगा मला म्हनत हुता, भाई, डाव्या हाताची मोड, उजव्यानं वस्तरा धरतो. मी ऐकलं न्हाई. कैद मला बराबर झाली. पर माझ्या शेजारी त्यो बी उभा पायजे हुता, सोनवने साहेब. खुर्चीवर बसून ज्यानं सांगितलं त्यो. मी एकटाच कसा राक्षस झालो?"

मला आयुष्यात कुठल्याही अधिकाऱ्यानं एवढं नेमकं सांगितलेलं नाही. आपल्याकडं फौजेवर बोट दाखवलं की लोक देशद्रोही म्हणतात. मी अठ्ठावीस वर्षं वर्दी घातली, मला कुणी शिकवू नये. फौजेची अब्रू घालवली ती त्या खुर्चीवर बसलेल्या माणसानं, तिला वाचवायला निघालेल्या कर्नलनं आणि टाइपरायटरवर बसलेल्या माझ्यासारख्यानं. राखली ती एका बुटक्या डॉक्टर बाईंनी, आणि त्यांना मी खोटं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात भागवत वडवणीला आला. आम्ही दोघांनी प्रतिज्ञापत्रं तयार केली. माझ्यात मी लिहिलं, की अमुक चौकशीतलं भाषांतर मी जाणूनबुजून अपुरं केलं, मूळ उर्दू जबाब फाइलीत आहे, तो दुसऱ्या कुणाकडूनही वाचून घ्यावा, माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. भागवतनं त्याच्यात लिहिलं, की बोटं मी मोडली आणि हुकूम मला या शब्दांत मिळाला. नोटरी वकील वाचून गोंधळला.

"तक्रार कोणाविरुद्ध आहे नेमकी?"

"आधी आमच्याविरुद्ध," मी म्हणालो. "मग त्याच्याविरुद्ध."

त्यानं चष्मा काढून आमच्याकडं पाहिलं. "काका, इतक्या वर्षांनी? पेन्शन जाईल तुमची."

"जाऊ दे की," भागवतच बोलला. "माझी गेलीच हाय."

कागद रजिस्टर पोस्टानं लष्कराच्या मुख्यालयाला पाठवले. उत्तर यायला सात महिने लागले. मी पाकीट न फोडता नांदूरघाटला घेऊन गेलो. एकट्यानं वाचायचा मला हक्क नव्हता. गिरणीत उभं राहून मी ते इंग्रजी पत्र त्याला मराठीत वाचून दाखवलं. या वेळी प्रत्येक शब्द सांगितला. संबंधित फाइल जतन करण्याची मुदत संपल्यामुळं नियमानुसार नष्ट करण्यात आली आहे. मूळ जबाबासह. साक्षीदार परदेशी नागरिक असल्यानं त्याचा जबाब पुन्हा घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. प्रकरण बंद समजण्यात यावं.

भागवतनं कागद माझ्या हातातून घेतला. इंग्रजी येत नसतानाही खालपासून वरपर्यंत पाहिला. पिठाची बोटं त्यावर उमटली.

"म्हंजी काय म्हनतेत?"

"रेकॉर्ड नष्ट झालं म्हणतात. आता काही उरलं नाही."

"उरलं न्हाई कसं?" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की रस्त्यावरचा माणूस थबकला. "मोडनारा मी हितं उभा हाय. लिवनारे तुमी हितं उभे हाय. दोघं बी जित्ते. मग रेकॉर्ड जळालं कसं म्हनतेत बे?"

त्यानं गल्ल्यावरची वही ओढली, मागचं कोरं पान फाडलं आणि पेन माझ्या हातात कोंबलं.

"लिवा," तो म्हणाला. "परत लिवा."